मोटारसायकलीचा टायर : थोड्या पैशांत योग्य निवड

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धांव झिजली किंवा सैल झाली, म्हणजे आपले वाडवडील चाक घेऊन लोहाराच्या दारीं जात. लोहार चाकाचा घेर मोजी, त्याहून किंचित् कमी घेराची धांव तयार करी, ती तापवून चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. धांव अंमळ मोठी झाली तर ती वाटेंत निसटे; फार लहान झाली तर आरे मोडत. म्हणून शेतकरी तेथें स्वतः उभा राही व काम नजरेखालीं करून घेई. आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगणांत मोटारसायकल उभी आहे. दूध केंद्रावर नेणें, खताचें पोतें आणणें, पंपाचा बिघडलेला भाग तालुक्याच्या गांवीं पोंचविणें, मुलांस शाळेंत सोडणें, हीं सर्व कामें तिच्यावर चालतात. परंतु या नव्या वाहनाची धांव, म्हणजे टायर, बदलण्याची वेळ आली कीं आपण दुकानदारास एवढेंच विचारतों, "सर्वांत स्वस्त कोणता ?" हा प्रश्न गैर नाहीं. शेतकऱ्याचा पैसा मोजका असतो व तो मोजूनच खर्च केला पाहिजे. मात्र तो एकच प्रश्न पुरेसा नाहीं, हें आम्ही स्वतः ठेंच खाऊन शिकलों. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमची ठेंच

तीन वर्षांपूर्वीं मृगाच्या तोंडावर आमच्या मोटारसायकलीचा मागील टायर अगदीं गुळगुळीत झाला. बियाणें व खत यांची खरेदी नुकतीच झाली असल्यामुळें हातीं पैसा नव्हता. बाजाराच्या दिवशीं एका दुकानांत 'जवळजवळ नवा' म्हणून एक टायर ५०० रुपयांस मिळाला. त्याच्या खाचा खोल व स्वच्छ दिसत होत्या; आम्हांस सौदा चांगला वाटला. पुढें पंधरा-वीस दिवसांनीं आमचे धाकटे बंधु पहांटे ३५ लिटर दूध घेऊन केंद्राकडे निघाले असतां ओढ्याच्या पुलाजवळ तो टायर फुटला व गाडी ओल्या रस्त्यावर आडवी झाली. दूध ओढ्यास मिळालें, त्याचें एवढें नाहीं. परंतु बंधूंच्या खांद्याचें हाड मोडलें आणि सहा आठवडे हात गळ्यांत बांधून ठेवावा लागला. नेमका त्याच सुमारास शेतास वाफसा आला. तिफण धरणारा माणूस अंथरुणावर आणि मजूर मिळेना, अशा स्थितींत आमची पेरणी आठ दिवस मागें पडली. ज्यांस कोरडवाहू शेती ठाऊक आहे, त्यांस हे आठ दिवस म्हणजे काय, हें सांगावयास नको.

तो फुटलेला टायर मागाहून पंक्चर काढणाऱ्या एका जाणत्या कारागिरानें पाहिला. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरांत तापल्या हत्यारानें नव्या खाचा पाडल्या होत्या, हें त्यानें आम्हांस दाखविलें. म्हणजे जें थोडें रबर शिल्लक होतें, तेंच कापून काढलेलें होतें. विकणाऱ्याचा दोष होताच. परंतु न पाहतां घेणाराही निर्दोष नव्हता.

भार कोण वाहतो ?

टायरासंबंधानें पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही कीं, गाडीचा भार मुख्यतः आंत कोंडलेली हवा वाहते. रबर व त्यांतील दोऱ्यांचे थर हे त्या हवेचें भांडें होय. हवेच्या चाकाचा हक्क रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनीं १८४५ मध्यें नोंदविला होता. पण तें प्रचारांत आलें तें जॉन बॉइड डनलॉप यांच्यामुळें. हे गृहस्थ बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलीचे धक्के कमी व्हावे म्हणून त्यांनीं तिच्या चाकांस हवेच्या रबरी नळ्या बसविल्या व १८८८ मध्यें त्याचा हक्क घेतला. आपल्या देशांत बंगालमधील साहागंज येथें १९३६ मध्यें डनलॉपचा कारखाना सुरू झाला. तेव्हांपासून आजपर्यंत टायरांत पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी मूळ तत्त्व तेंच आहे. भांडें योग्य मापाचें हवें, भारास पुरेल इतकें मजबूत हवें, जुनें होऊन विरलेलें नसावें आणि त्यांत हवा पुरी असावी. या चार गोष्टींत काटकसर चालत नाहीं. बाकी सर्व बाबतींत ती करतां येते.

आधीं जुना टायर वाचावा

नवा टायर घेण्यापूर्वीं जुना नीट पाहावा, कारण तो आपल्याशीं बोलत असतो. मधला भाग झिजून कडा शाबूत असतील तर हवा नेहमीं जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजून मधला भाग उंच असेल तर हवा कमी होती. एकच कड खाल्ली गेली असेल तर चाक सरळ बसलेलें नाहीं किंवा बेअरिंग सैल झालें आहे. हें कारण दूर केल्याशिवाय नवा टायर बसविणें म्हणजे फुटक्या पाटांत पाणी सोडणें होय.

टायर खरोखर बदलण्यास झाला आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. टायराच्या बगलेवर लहान त्रिकोण किंवा टी.डब्ल्यू.आय. हीं अक्षरें असतात. त्यांच्या सरळ रेषेंत खाचेच्या तळाशीं रबराचा एक बारीक उंचवटा असतो. झिजत झिजत नक्षी त्या उंचवट्याबरोबर आली, कीं टायराचें आयुष्य संपलें. नक्षी शिल्लक असूनही बगलेस उन्हानें भेगा पडल्या असतील, कोठें फुगवटा आला असेल किंवा आंतील दोरे दिसूं लागले असतील, तर एक दिवसही थांबूं नये.

बगलेवरील आंकडे

टायराच्या बगलेवर त्याची सर्व कुंडली छापलेली असते. उदाहरणार्थ, ८०/१००-१८ ४७ पी हा आंकडा घेऊं. यांतील ८० म्हणजे टायराची रुंदी मिलिमीटरांत; १०० म्हणजे त्याची उंची रुंदीच्या शेंकडा १००; १८ म्हणजे आंतील रिमचा व्यास इंचांत. जुन्या पद्धतीच्या २.७५-१८ अशा आंकड्यांत पहिला भाग रुंदीचे इंच दाखवितो. गाडीच्या पुस्तिकेंत किंवा तिच्यावर चिकटविलेल्या पट्टींत जें माप दिलें असेल तेंच घ्यावें. रुंद टायर दिसण्यास भारदस्त असतो. परंतु अरुंद रिमवर तो चिमटला जातो, प्रसंगीं साखळीस किंवा मागील दांड्यास घांसतो आणि पेट्रोलही अधिक खातो. शोभेसाठीं अधिक पैसे देऊन नुकसान पदरीं घेणें हा शहाणपणा नव्हे.

त्यापुढील ४७ हा भाराचा अंक होय. शेतकऱ्यास सर्वांत उपयोगी आणि बहुधा कोणी न पाहिलेला असा हा अंक आहे. ४२ म्हणजे एका टायरावर जास्तींत जास्त १५० किलो, ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. शेवटचें अक्षर वेगाची मर्यादा सांगतें. एल म्हणजे ताशीं १२० किलोमीटर, पी म्हणजे १५०. आपल्या कामास दोन्ही पुरून उरतात. म्हणून अधिक वेगाच्या अक्षरासाठीं ज्यादा पैसे देण्याचें कारण नाहीं.

आतां भाराचा हिशेब करूं. समजा, गाडीचें वजन ११२ किलो आहे. त्यांतील सुमारें ६० किलो मागील चाकावर येतात. चालक ६५ किलोचा असल्यास त्याचे सुमारें ४० किलो मागें येतात. दूध ४० लिटर म्हणजे सुमारें ४१ किलो, व किटल्या धरून ५० किलो. हा भार बहुतेक सर्व मागेंच पडतो. एकूण १५० किलो झाले. ४७ अंकाचा टायर यास पुरतो. परंतु वाटेंत ६० किलोचा पाहुणा मागें बसला, कीं आणखी सुमारें ५५ किलो वाढून बेरीज २०५ वर जाते. तेथें ४७ अंकाचा टायर हरला. ५४ अंकाचा पाहिजे. दोहोंच्या किंमतींत जें अंतर असेल तें दूध वाहणाऱ्यानें खुशाल द्यावें. मात्र टायर मजबूत झाला म्हणून गाडीची स्वतःची भारमर्यादा वाढत नाहीं, हें विसरूं नये. ती पुस्तिकेंत दिलेली असते.

टायराचे दांत

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहून वय ठरवितों. टायरासही दांत असतात. बगलेवर एका लांबट चौकटींत शेवटीं चार अंक असतात. त्यांपैकीं पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. ३२२४ असें असेल तर तो टायर २०२४ च्या ३२ व्या आठवड्यांत, म्हणजे ऑगस्टमध्यें, तयार झाला. रबर न वापरतांही हळूहळू कडक होतें. सांवलींत नीट ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर घेण्यास हरकत नाहीं. उलट त्या वयाकडे बोट दाखवून किंमत कमी करून घ्यावी. तीन वर्षांहून जुना टायर मात्र, कितीही सवलत मिळाली तरी, आम्ही घेणार नाहीं. दुकानाबाहेर उन्हांत टांगलेले टायरही टाळावे.

वयाबरोबर आय.एस.आय. ची छापही पाहावी. २००९ च्या सरकारी आदेशानें वाहनांच्या हवेच्या टायरांस ही छाप सक्तीची झाली. दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरांसाठीं आय.एस. १५६२७ हें मानक आहे. फारसें नांव नसलेल्या कारखान्याचा टायर स्वस्त मिळाला, तरी छाप, माप, भार व वय हीं चारही ठीक असतील तर तो गरजवंतानें घेण्यास भ्यावयाचें कारण नाहीं.

किंमत कीं किलोमीटर ?

आतां मुख्य प्रश्न पैशाचा. टायराचा खरा भाव एका किलोमीटरास किती पैसे पडतात यावरून ठरतो. हिशेबासाठीं आंकडे कल्पून घेऊं. एक साधा नवा टायर १२०० रुपयांचा असून १२,००० किलोमीटर चालतो. दुसरा १८०० रुपयांचा असून २५,००० चालतो. तिसरा आमच्यासारखा खाचा पाडलेला, ५०० रुपयांचा, फार तर ३,००० किलोमीटर चालतो. प्रत्येक खेपेस बसविण्याची मजुरी १०० रुपये धरली, तर पहिला किलोमीटरास सुमारें ११ पैसे, दुसरा साडेसात पैसे आणि तिसरा पुरे २० पैसे पडतो. सर्वांत स्वस्त म्हणून घेतलेला टायर सर्वांत महाग ठरला. दवाखान्याचा खर्च तर यांत धरलेलाच नाहीं.

यावरून सर्वांनीं १८०० चाच टायर घ्यावा, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. जो शेतकरी घरापासून मळ्यापर्यंत रोज ५ किलोमीटर जातो, त्याचे वर्षांत सुमारें १,८०० किलोमीटर होतात. १२,००० किलोमीटरांचा टायर झिजण्यास त्याला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोंवर रबरच म्हातारें होईल. त्यानें २५,००० चा टायर घेणें म्हणजे एका बैलाच्या कामास दोन बैल पोसणें होय. उलट जो रोज ४० किलोमीटर दूध नेतो, त्याचा साधा टायर दहा महिन्यांत संपेल व दुसरा सुमारें वीस महिने जाईल. त्यानें अधिक किंमतीचाच घ्यावा, व त्यासाठीं दुधाच्या प्रत्येक बिलांतून थोडी रक्कम बाजूस ठेवीत जावी. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरेंच. पण अंथरूण किती लांब आहे तें आधीं मोजलें पाहिजे.

रिमोल्ड केलेल्या टायरासंबंधानेंही पुष्कळ लोक विचारतात. जुन्या टायरावर नवें रबर चढविण्याची ही रीत मालमोटारी व एस.टी. गाड्यांत चालते आणि योग्य ठिकाणीं ती किफायतीची आहे. परंतु तेथें टायराची आंतून तपासणी होते आणि मागें जोडीनें टायर असतात. एक गेला तरी दुसरा सांवरतो. मोटारसायकल दोनच चाकांवर उभी असते आणि वळणावर कलते. तिच्यासाठीं रिमोल्ड किंवा खाचा पाडलेला टायर आम्हांस तरी मान्य नाहीं.

ट्यूब व नक्षी

तारांच्या चाकांस सहसा ट्यूब लागते. ट्यूबविना चालणारा टायर हवा न गळणाऱ्या रिमवरच बसवावा. तशी खूण रिमवर किंवा पुस्तिकेंत असते. ज्यांच्या गाडीस अशी रिम आहे व ज्यांच्या वाटेवर बाभळीचे कांटे आहेत, त्यांस ट्यूबविरहित टायर परवडतो. कांटा लागला तरी त्यांतील हवा बहुधा हळूहळू जाते आणि चाक न काढतां भोंक बुजवितां येतें. ट्यूबचा टायर घेतल्यास ट्यूबही नवीच घ्यावी. जुनी ताणलेली ट्यूब नव्या टायरांत दुमडते व त्याच घडीवर फाटते. तारांची टोंकें झांकणारी रिमची रबरी पट्टीही फाटली असल्यास बदलावी. या किरकोळ वस्तूंत पैसे वांचवूं नयेत.

नक्षीचें म्हणाल तर मोठ्या गोट्यांचा टायर चिखलांत चांगला चालतो, परंतु डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो. रोजची वाट पंधरा किलोमीटर डांबरी व एक किलोमीटर चिखलाची असेल तर साधी नक्षीच बरी. एका किलोमीटरासाठीं पंधरांचें नुकसान करूं नये.

एकाच टायरापुरता पैसा असेल तर

मागील टायर पुढच्यापेक्षां लवकर झिजतो, म्हणून बहुधा तोच आधीं बदलावा लागतो. परंतु पुढचाही निशाणीपर्यंत आला असेल तर त्याची उपेक्षा करूं नये. पुढचें चाक घसरलें असतां गाडी सांवरण्यास वेळच मिळत नाहीं. मागचा झिजलेला टायर पुढें लावण्याची युक्ति कोणी सांगितल्यास ती ऐकूं नये. दोन्ही टायर गेले असल्यास एक उंची व एक फाटका यापेक्षां दोन साधे नवे बरे.

खरेदी वैशाखांत करावी. पहिला पाऊस पडल्यावर गरज आपली असते आणि भाव दुकानदाराचा. गांवांत एकाच मापाच्या पांच-सात गाड्या असतील तर सर्वांनीं मिळून एकदम टायर घ्यावे. भावांत कांहीं तरी सूट मिळतेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हां बिलांतील कराचा आंकडा वाचून पाहावा. बिल अवश्य घ्यावें व जपून ठेवावें, कारण टायरांत कारखान्याचा दोष निघाल्यास तोच आपला पुरावा.

बसवितांना लोहाराच्या दारीं उभें राहण्याची जुनी रीत पुन्हां पाळावी. बगलेवर बाण असल्यास तो चाक फिरण्याच्या दिशेस आला पाहिजे. नवा टायर प्रथम किंचित् निसरडा असतो, म्हणून पहिले शें-दीडशें किलोमीटर बेतानें जावें. हवा आठवड्यांतून एकदां, गाडी थंड असतांना, मापानें पाहावी. पुस्तिकेंत एकट्यासाठीं व दोघांसाठीं वेगवेगळे आंकडे दिलेले असतात. दूध वाहणाऱ्यानें दुसरा आंकडा धरावा. वर सांगितलेली भाराची शक्ति हवा पुरी असेल तरच खरी. हवेस पैसे फारसे पडत नाहींत, पण महाग टायराचें आयुष्य तीच ठरविते.

शेवटीं एक विनंती. उतरविलेला जुना टायर दुकानांत पन्नास रुपयांस ठेवून येऊं नये, आणि जाळूंही नये. त्याचा धूर विषारी असतो. घरीं आणून त्याचे कोयत्यानें किंवा करवतीनें दोन तुकडे करावे आणि मग भंगारांत द्यावे. अखंड दिलेल्या टायरांतच कोणी तरी नव्या खाचा पाडतो, आणि पुढील मृगांत तो 'जवळजवळ नवा' म्हणून आपल्याच एखाद्या शेतकरी बंधूच्या चाकावर चढतो. आमच्या बंधूंचा टायर असाच कोणाच्या तरी अंगणांतून गेलेला असला पाहिजे.